चादरीमागची अक्षरं

माझ्या मुलीचं नाव तिच्या आत्यानं ठेवलेलं नाही. ते मी ठेवलं. घरात, नात्यात, गल्लीत सगळे एकतीस वर्षं समजून आहेत की ते आत्यानं ठेवलं, आणि एकतीस वर्षं मी त्यांना तसं समजू दिलं. बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. एवढं लिहायला मला आजची सकाळ गेली. चहा दोनदा गार झाला.

एवढ्याशा गोष्टीचं काय मोठं, असं कुणाला वाटेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटून घ्यायचं होतं.

या लिखाणात मी कुणाचंच नाव घालणार नाही. नावांच्या कामात एकदा हात घातला, तेवढा पुरे झाला.

मी सोलापुरात एका शाळेत क्लार्क आहे. दोन वर्षांत रिटायर होईन. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाचं नाव जनरल रजिस्टरमध्ये चढवायचं, हे माझं पहिल्या दिवसापासूनचं काम. त्यामुळे एक विद्या मला आपोआप आली. रजिस्टरचं कुठलंही पान उघडा, तारखा झाकून ठेवा, नुसत्या नावांवरून मी मुलांचं जन्मसाल सांगतो. फार तर दोन वर्षं इकडेतिकडे. नावं गोवरासारखी येतात. एखाद्या वर्षी एकच नाव दहा घरांत निघतं, आणि त्या दहाही घरांना वाटत असतं की हे आपल्याच घरी निघालं.

मुलगी झाली तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो आणि ही विद्या मला नुकतीच येऊ लागली होती. आपल्याला नावांतलं कळतं, असा माझा समज होता. रजिस्टरच्या जुन्या पानांवरची 'बाई'नं संपणारी नावं वाचून आम्ही ऑफिसात हसायचो. शिपाई एखादं नाव मोठ्यानं वाचायचा आणि विचारायचा, "साहेब, ही आता कुठं असंल ओ?" मी म्हणायचो, "असंल कुठंतरी शेळ्या राखत." तो हसायचा. मीही हसायचो.

माझ्या बहिणीचं नाव तसंच आहे. 'बाई'नं संपणारं. आणि ती तेव्हा खरोखर शेळ्या राखत होती.

अक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आमचं गाव माळशिरसकडचं. मी सहा वर्षांचा असताना आई गेली, आणि माझं खाणंपिणं, आंघोळ, अंगणात बसून पाढे म्हणून घेणं, सगळं अक्काकडे आलं. ती स्वतः चौथीपर्यंत शिकलेली. माझ्यापायी तिचं लग्न तीन वर्षं थांबलं. मग ती करकंबला दिली गेली. तिला मूल झालं नाही. त्याबद्दल ती कधी बोलली नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही.

मला तिच्या नावाची लाज वाटायची. हे मी आता पहिल्यांदाच म्हणतो आहे. माझ्या लग्नात हेडमास्तरांशी तिची ओळख करून देताना मी नुसतं "मोठी बहीण" म्हणालो. त्यांनी विचारलं, "नाव काय ताईंचं?" आणि मी त्यांना जेवणाच्या पंगतीकडे नेलं.

आमच्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते. बारशाच्या दिवशी बाळाला पाळण्यात घालतात, आत्या पाळण्यात वाकते आणि बाळाच्या कानात नाव सांगते. बाकीच्या बायका तेवढ्यात तिच्या पाठीवर बुक्के घालतात. आत्या ते खाते, मग सरळ उभी राहून नाव मोठ्यानं सांगते. त्या बुक्क्यांसकट तो तिचा मान असतो. अक्कासाठी तो किती मोठा होता, हे मला कळायला हवं होतं. मुलगी झाल्याची तार मिळाल्यापासून ती झबली शिवत होती. पोस्टकार्डावर तिनं दाजींकडून लिहून घेतलं होतं: नाव मी ठरविले आहे, काळजी नसावी.

मला तीच काळजी लागली.

ती कुठलं नाव काढणार, याचा मी अंदाज बांधला होता. एखादी देवी, एखादी पणजी, शेवटी बाई. मग माझी मुलगी शाळेत जाणार, आणि माझ्यासारखाच कुणी क्लार्क ते नाव वाचून हसणार. मी स्वतः एक नाव हेरून ठेवलं होतं. तेव्हा नुकतीच घरोघरी केबल आली होती, तिथल्या एका मालिकेतलं. नवं, छोटं, तीन अक्षरी, जोडाक्षर नसलेलं. हे कधी जुनं व्हायचं नाही, असं मला वाटलं. महापालिकेच्या जन्मनोंदीत मी ते आधीच घालून आलो. मग थर्माकोल आणलं, ब्लेडनं तीन मोठी अक्षरं कापली, डिंक लावून त्यांवर चमकी चिकटवली. बायको सोलापुरातच माहेरी होती. ती सव्वा महिन्याच्या बाळाला घेऊन आली, तेव्हा तिला म्हणालो, "अक्काचं पत्र आलं होतं. तिनं हे नाव ठरवलंय."

बायको खूश झाली. "अक्का एवढं मॉडर्न नाव काढतील असं वाटलं नव्हतं हो."

"तिच्यापाशी काही बोलू नको," मी म्हणालो. "तिला पाळण्यातच सांगायचंय."

एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू लावून उभं केलं.

बारशाच्या दोन दिवस आधी अक्का एस.टी.नं आली. पिशवीत झबली, कुंची, काळ्या मण्यांच्या मनगट्या, आणि वरती शेंगा. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "अक्का, काय ठरवलंस?"

"पाळण्यात सांगीन की."

"तरी पण."

"आत्या मी हाय का तू?" असं म्हणून ती हसली आणि बाळाला घेऊन उन्हात जाऊन बसली.

तेव्हाच तिला सांगता आलं असतं. अक्षरं माळ्यावर होती, जन्मनोंद झालेली होती, पण तिला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही.

बारशाच्या दुपारी दोन खोल्यांचं घर बायकांनी भरलं. अक्षरं मी सकाळीच भिंतीवर चिकटवली होती आणि वरून घरातली जाड चादर दोन खिळ्यांना अडकवली होती. नाव फुटू नये म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं. फोटो काढायच्या निमित्तानं त्या बायकांत मी एकटाच पुरुष, चादरीचं एक टोक हातात धरून भिंतीशी उभा.

पाळणा म्हणून झाला. अक्का वाकली. बायका तिच्या पाठीवर तुटून पडल्या. आमच्या शेजारच्या काकू, तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातल्या, हात भारी. त्यांचे बुक्के खोलीभर ऐकू येत होते. "अजून सांगतायत बघा, सोडू नका आत्याबाईंना!" अक्का बाळाच्या कानाशी बराच वेळ होती. नाव सांगायला लागतो त्याहून जास्त वेळ. मग ती उठली. पदर सारखा केला. चेहरा बुक्क्यांनी आणि हसण्यानं लाल झालेला.

"सांगा आत्याबाई, सांगा!"

तिनं तोंड उघडलं, आणि मी चादर ओढली.

एकदा मोठ्यानं बोललेलं नाव परत घेता येत नाही, हे मला माहीत होतं. म्हणून त्याच क्षणी ओढली. हात घसरला नाही, चूक झाली नाही. मी वाट बघत होतो.

चमकी चमकली, टाळ्या पडल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं बाई, किती नवीन नाव! आत्याबाई, हे तुम्ही ठेवलं?"

अक्कानं भिंतीकडे बघितलं. ती एकेक अक्षर लावून वाचते. तिचे ओठ तीनदा हलले, ते मला दिसलं. मग तिनं माझ्याकडे बघितलं. मी कॅमेरा डोळ्याला लावला.

"व्हय की," ती म्हणाली. "मीच. माझ्या भावानं बगा कसं सजवलंय."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ती गेली. स्टँडवर मला फक्त एवढं म्हणाली, "पोरीला वाऱ्यात हिंडवू नगंस."

सहा वर्षांनी मुलीला मी माझ्याच शाळेत घातलं. त्या जूनमध्ये पहिलीची नावं रजिस्टरमध्ये चढवताना मी माझ्या मुलीचं नाव पाच वेळा लिहिलं. पाच वेगवेगळ्या आडनावांसमोर. पाचव्या वेळी शिपाई म्हणाला, "साहेब, ह्या वर्षी ह्याच नावाची लाट आली की ओ." वर्गात बाईंनी त्या पाचजणींना मोठी, छोटी, चष्मेवाली, लाल रिबीनवाली अशी नावं पाडली. माझी मुलगी छोटी. दहावीपर्यंत ती छोटीच राहिली, उंचीनं चौघींच्या वर गेली तरी. कॉलेजात आणखी भेटल्या. आता पुण्यात तिच्या ऑफिसात तिघी आहेत. मेल भलतीकडे जातात. तिचं नाव ऐकून लोक म्हणतात, "म्हणजे तू चौऱ्याण्णव-पंच्याण्णवची असणार." ती म्हणते, "माझ्या नावावर मॅन्युफॅक्चरिंग डेट छापलेली आहे."

या सगळ्याची बोलणी अक्कानं खाल्ली. आधी ती थट्टाच होती. "आत्या, तुला माझ्यासाठी दुसरं नावच मिळालं नाही का गं?" अक्का म्हणायची, "चुकलं गं बाई माझं. त्यावेळी लई चालत हुतं." इतकं सहज म्हणायची, की मलासुद्धा कधीकधी ते खरं वाटायचं.

मुलगी सोळा वर्षांची होती तेव्हाची एक दुपार आहे. दिवाळीची सुट्टी होती. अक्का आमच्याकडे आलेली, जमिनीवर बसून शेंगा फोडत होती. मुलगी बाहेरून रडत आली. क्लासमध्ये नावामुळे कुणाचे तरी मार्क हिला आणि हिचे दुसरीला लागले होते, आणि सगळ्यांसमोर हिला बोलणी बसली होती. अक्का काहीतरी समजुतीचं बोलायला गेली, आणि मुलगी तिच्यावर फिरली.

"तूच ठेवलंस ना! तुला स्वतःची मुलं नव्हती ना, म्हणून दुसऱ्याच्या मुलीला चिकटवलंस कसलंही!"

खोलीत मी होतो. पेपर उघडलेला होता. मी म्हणालो, "आवाज कमी कर." बस, एवढंच.

अक्काच्या हातातली शेंग फुटली. दाणे तिनं परातीत टाकले. "खरं हाय बाई," ती म्हणाली, आणि पुढची शेंग घेतली.

त्यानंतर ती आमच्याकडे कमी येऊ लागली. कधी गुडघे, कधी शेळ्या, कधी दाजींची तब्येत, कारण असायचंच. मुलीनं पुढं माफी मागितली, पायाही पडली, पण माफी त्या वाक्याची होती. नाव आत्यानं ठेवलं हे तसंच राहिलं. ते मी तसंच ठेवलं.

मागच्या महिन्यात माझ्या धाकट्या मुलाला मुलगी झाली. म्हणजे आता माझी मुलगी आत्या. नाव ठेवायचा मान तिचा. पंधरा दिवसांची रजा काढून ती पुण्याहून आली आणि घरात नावांचा कारखाना सुरू झाला. तिची एकच अट: ऐकून जन्मसाल कळता कामा नये.

"हे हॉटेलचं नाव वाटतं."

"हे केसांच्या तेलाचं."

"हे दहा वर्षांपूर्वीचं आहे, ओरडून सांगतंय."

प्रत्येक नाव हाक मारून बघायचं, हा तिचा नियम. त्यासाठी आईला गॅलरीत उभं केलं. बायको संकोचत खाली तोंड करून हाका मारत होती, आणि खालून भाजीवाला म्हणाला, "वहिनी, हरवलंय कोण? पोरगी का मांजर?" घर हसलं. बाळंतीण आतून म्हणाली, "ताई, टाके दुखतात हो, हसवू नका."

मग मुलगी माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्ही हजारो नावं लिहिलीत. जुनं न होणारं नाव सांगा ना."

मी म्हणालो, "सगळ्यांना एकाच वेळी नवं वाटलेलं नाव सगळ्यांना एकाच वेळी जुनं वाटतं. एवढंच मला कळलंय."

"म्हणजे माझं." ती हसली. "आत्यानं त्या वेळी जरा डोकं चालवलं असतं तर. मी नाही असं होऊ देणार. ह्या पोरीनं मला तीस वर्षांनी शिव्या घालायला नकोत."

पुढं ती सहज म्हणाली, "आत्याला बोलवा हं बारशाला. फक्त नावात तोंड नाही घालायचं तिनं."

दुसऱ्या दिवशी मी आमंत्रण द्यायला करकंबला निघालो. फोनवर भागलं असतं. मोडनिंबला उतरून दुसरी गाडी धरेपर्यंत मी स्वतःला हेच सांगत होतो, की फोनवर भागलं असतं, अजून परत फिरता येईल.

अक्का ओट्यावर चिंचा फोडत बसली होती. सहासष्ट वर्षांची. मला बघून तिनं आधी पाणी आणलं आणि मग विचारलं, "सगळं बरं हाय न्हवं?"

"रविवारी बारसं हाय. तू यायचंस."

"बगू."

"बगू न्हाय. यायचंस."

तिच्यापाशी बसलो की माझी बोली आपोआप बदलते. तिनं एक चिंचोका काढून बाजूला टाकला. "नाव ठिवायला तिची आत्या हाय की. मी कशाला? नावाच्या दिवशी मी नगं तितं. तुझी पोरगी आदीच नावानं कावल्याली हाय."

मी तिच्यासमोरची एक चिंच उचलली. मग विचारलं, "अक्का, त्या दिवशी तू तिच्या कानात काय सांगितलंस?"

तिचे हात थांबले. मला वाटलं, ती रागावली. ती हसत होती.

"एकतीस वर्सांनी इचारतुयास व्हय रं?"

"सांग की."

"तुला न्हाय सांगायची. जिला सांगितलंय तिला इचार."

"ती सव्वा महिन्याची होती, अक्का."

"मग मी काय करू? चादर कुणी वडली?"

एकतीस वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलली. आवाज चढवला नाही. चिंच फोडत राहिली.

"मी म्हातारं नाव ठिवीन असं वाटलं न्हवं तुला?"

"व्हय."

"माज्यासारकं."

दारात एक शेळी उभी होती. मी तिच्याकडे बघत म्हणालो, "व्हय."

"मग तसं म्हणायचं हुतंस की. मी काय भांडले असते? तुज्या मनातलं ठिवलं असतं. मला नाव ठिवायचं हुतं लेका. त्येच ठिवायचं असं कुटं हुतं?"

एवढी वर्षं मी स्वतःला समजावत आलो होतो, की दोन नावांत एकाला हरावंच लागणार होतं. तसं काही नव्हतंच. आधी दोन शब्द बोललो असतो, तर माझंच नाव तिच्या तोंडून आलं असतं आणि तो दिवस तिचा राहिला असता.

"मग 'मीच' कशाला म्हणालीस?"

"बायकांनी घर भरल्यालं. तू तितं हुबा, घामानं वलाचिंब, हातात चादर. काय म्हणू? माजा भाऊ खोटं बोलतुया म्हणू?" तिनं हात पुसले. "भाकरी खाऊन जा. शेंगाची चटणी हाय."

मी जेवलो. निघताना म्हणालो, "ये रविवारी." ती म्हणाली, "गुडगं लई दुकत्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी, स्वयंपाकघरात, मुलगी आणि बायको दोघी असताना मी सांगितलं. ठरवून, उभ्यानं, एका दमात. बसलो असतो तर बोललो नसतो.

बायकोनं आधी गॅस बंद केला. "म्हणजे ते पत्र?"

"पत्रात नाव नव्हतंच."

तिनं माझ्याकडे जे बघितलं, ते मी इथं लिहू शकत नाही. ती म्हणाली, "अक्का किती चांगलं नाव काढतात, म्हणून मी आमच्या माहेरी सांगत सुटले होते."

नावांची यादी असलेला मोबाइल मुलीनं ओट्यावर पालथा ठेवला.

"बाबा, मी तिला काय बोलले होते, आठवतं तुम्हाला? दिवाळीत?"

"आठवतं."

"तुम्ही तिथं होता. पेपर वाचत होता."

"पेपर उघडा होता. वाचत नव्हतो."

"मी तिच्या पाया पडले तेव्हा पण होता."

"होतो."

ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. तिनं भावाकडून गाडीची किल्ली मागून घेतली आणि गेली. कुठं, हे कुणी विचारलं नाही. संध्याकाळी दिवेलागणीला गाडी परत आली. पुढच्या सीटवर अक्का, मागच्या सीटवर शेंगांचं पोतं. जिना चढताना मुलीनं तिचा हात धरला होता, आणि अक्का म्हणत होती, "सोड गं, मी काय म्हातारी झाले व्हय?"

करकंबला दोघींत काय बोलणं झालं, मला माहीत नाही. मला सांगितलं गेलं नाही, आणि मी विचारलं नाही. इतकं मात्र कळलं, की अक्कानं ते नाव तिला पुन्हा सांगितलं. कारण त्या रात्रीपासून अक्का तिला आतल्या खोलीत हळूच कुठल्यातरी नावानं हाक मारते, आणि ती "काय गं?" म्हणून ओ देते. मी दाराशी आलो की दोघी बोलायच्या थांबतात. माझ्या मुलीचं पहिलं नाव मला ठाऊक नाही.

बायकोनं सुचवलं, "तेच नाव बाळाला ठेव की. अक्कांनाही बरं वाटेल."

मुलगी म्हणाली, "वा! ते माझं आहे. एकदाही वापरलेलं नाही. कोरं आहे अजून."

अक्का तोंडाला पदर लावून हसली.

बाळासाठी तिनं शेवटी यादी सोडून दिली. म्हणाली, "होऊ दे जुनं. तिच्याबरोबर होईल." तिनं कुठलं नाव घेतलं, ते बारशापर्यंत कुणाला सांगितलं नाही. एकटी अक्का सोडून. आमंत्रणाच्या मेसेजमध्ये नाव नव्हतं. भिंतीवर काहीही लावलेलं नव्हतं.

रविवारी मी मुद्दाम बाहेरच्या खोलीत थांबलो. दारातून पाळण्याची एक बाजू दिसत होती. मुलगी वाकली, आणि वाकताना तिनं अक्कालाही हाताला धरून खाली ओढलं. दोघींची डोकी पाळण्यात. बायकांना काय, दोन पाठी मिळाल्या. शेजारच्या काकू आता थकल्या आहेत, पण हात तसाच आहे. अक्का आतून ओरडली, "अवं, माजी पाठ कशाला? मी ह्या खेपंला नुसती ऐकायला आलेय!" मग मुलगी उठली, केस सारखे केले आणि नाव मोठ्यानं सांगितलं. कुणी मधे आलं नाही. साधं नाव आहे. मी सवयीनं त्याचं साल ठरवायला गेलो. मला ठरवता आलं नाही.

त्यानंतर मी घुगऱ्यांचे द्रोण वाटत आत गेलो. एकतीस वर्षांपूर्वीच्या बायकांतल्या चार-पाचजणी तिथं होत्या. शेजारच्या काकू द्रोण घेता घेता अक्काला म्हणाल्या, "ह्या वेळी भाचीनं चांगलं नाव काढलं बघा. तुमच्यासारखं नाही!" सगळ्या हसल्या. अक्काही हसली. "व्हय की," ती म्हणाली. "शानी हाय माजी पोरगी."

मुलीनं पाळण्याची दोरी हातात धरून माझ्याकडे बघितलं. मी पुढच्या बाईला द्रोण दिला.

मी तेव्हाही बोललो नाही.

घरात सांगून झालं, इथं लिहून झालं. पण ज्या बायकांसमोर मी बहिणीला खोटं बोलायला लावलं, त्यांच्यासमोर, तिच्या शेजारी उभं राहून, मोठ्यानं, "ते नाव मी ठेवलं होतं, अक्कानं नाही," एवढं एक वाक्य मी तिचं देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.